मासेमारी बंदीच्या दिवसांत घेतलेलं पुरुषांचं आरोग्य शिबिर

२० जुलै २०२५ ला, रविवारी, आमच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये फक्त पुरुषांसाठी आरोग्य तपासणी शिबिर झालं. गाव दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदराच्या बाजूचं. मी सोसायटीच्या कार्यालयात काम करतो. डिझेल परताव्याचे कागद, बोटींच्या लायसन्सची नूतनीकरणं, बर्फाचा हिशोब, हे माझं रोजचं काम. आरोग्य खात्याशी संबंध पहिल्यांदाच आला. अर्ज कुठे करायचा, कोण येतं, खर्च किती होतो, आणि मुख्य म्हणजे पुरुष येतात का, हे सांगणारं आसपास कुणी नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

मागच्या हंगामात आमच्या बंदरातले दोन तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, गेले. एकाला बोटीवरच जाळं ओढताना छातीत कळ आली, बोट किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्याने स्वतःचा जीव घेतला, त्याच्याबद्दल गावात अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. दोघांच्या विम्याचे फॉर्म मीच भरले. ‘पूर्वीचे आजार’ या रकान्याशी आलो की दोन्ही घरांत तेच. बायको म्हणाली, माहीत नाही. मुलगा म्हणाला, बाबा कधी डॉक्टरकडे गेलेच नाहीत. दोन्ही फॉर्मवर मी ‘निरंक’ लिहिलं. वयं सत्तेचाळीस आणि एकावन्न.

मे महिन्यात हा विषय मी आशाताईंजवळ काढला. त्यांनी पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढून समोर ठेवला. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म त्यांना भरावा लागतो: तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. बायकांचे फॉर्म भरलेले होते. पुरुषांच्या फॉर्मवर नाव आणि आधार नंबर, पुढे कोरं. “दादा, मी दुपारी जाते तेव्हा पुरुष बोटीवर, नायतर झोपलेले. संध्याकाळी गेले तर नाक्यावर. आणि समोर सापडलाच तर म्हणतो, मना काय धाड भरलीय?” दोन्ही तांडेलांचे फॉर्म त्या गठ्ठ्यात होते. कोरेच.

तारीख ठरवताना पहिला प्रश्न आला. पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा म्हणाला, १९ नोव्हेंबरला घ्या, आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो. हा दिवस १९९९ मध्ये त्रिनिदाद आणि टोबॅगोमध्ये सुरू झाला. नोव्हेंबरभर मिशा वाढवून पुरुषांच्या आजारांबद्दल बोलायची ‘मोव्हेंबर’ची पद्धत २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची. कल्पना चांगल्याच आहेत, पण नोव्हेंबरात आमचा एक पुरुष किनाऱ्यावर सापडणार नाही. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून ठेवलेल्या, माणसं घरी, हातात काम म्हणजे जाळी दुरुस्त करणं. त्यात जूनमध्ये पेरणी आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी, त्यामुळे कुणबीवाडीतले पुरुष शेतात. ६ जुलैचा रविवार सोयीचा वाटत होता, पण त्या दिवशी आषाढी एकादशी. उपाशी माणसाची शुगर बघून चहापोहे कुणाला देणार? शेवटी २० तारीख धरली. श्रावण २५ ला लागणार होता, त्याआधीच उरकणं बरं, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. तुमच्या गावातही शिबिर घ्यायचं असेल तर आधी पुरुष घरी कधी असतात ते बघा, आणि मग कॅलेंडर.

आता कागद. सोसायटीच्या संचालक मंडळाचा ठराव २ जूनला झाला. त्याची प्रत जोडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अर्ज दिला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना प्रत. अर्जात पाच गोष्टी लागतात: तारीख-वेळ, जागा, अंदाजे किती माणसं, वयोगट, आणि कोणत्या तपासण्या. शेवटचं नीट लिहा. आम्ही ‘सर्व तपासण्या’ असं न लिहिता वजन, कमर, बीपी, शुगर, तोंडाची तपासणी आणि मानसिक आरोग्याची विचारपूस, असं एकेक मांडलं. त्यामुळे डॉक्टर मॅडमना किती माणसं आणायची ते तिथल्या तिथे ठरवता आलं. ग्रामपंचायतीचा ठराव वेगळा लागला, तो मासिक सभेतच होतो, म्हणजे तीन आठवडे थांबणं आलं. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, आवक क्रमांक डायरीत लिहा. समुपदेशक मिळावा म्हणून जिल्ह्याला पाठवलेला आमचा अर्ज एका टेबलावर अडकला होता. फोन केला की “अर्ज आलाच नाही.” आवक क्रमांक सांगितला तेव्हा दहा मिनिटांत सापडला.

डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “सुया कोण नेणार?” हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं, आणि कुणाच्याच येत नाही असं त्या म्हणाल्या. बोटातून रक्त काढायचं म्हणजे तितक्या सुया वापरल्या जाणार. त्या साध्या कचऱ्यात जाऊ शकत नाहीत, त्यांना न भोसकला जाणारा पांढरा डबा लागतो. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत. हे सगळं आरोग्य केंद्रानेच परत नेलं, पण तसं आधी लेखी ठरवून घेतलं होतं. मॅडमनीच सांगितलं की राज्य सरकारने १७ सप्टेंबर २०२३ ला अठरा वर्षांवरच्या पुरुषांच्या तपासणीसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ नावाची मोहीम काढली होती. तेव्हा पुरुषांसाठी वेगळं शिबिर ही मागणी खात्याला काही नवी नाही, बिनधास्त मागा.

खर्च सगळा मिळून सव्वाअकरा हजारांच्या घरात गेला. हॉल आमचाच. बॅनर ४५० रुपये. चहा-पोहे साडेतीन हजार. शुगरच्या पट्ट्या आरोग्य केंद्राने दिल्या, पुरणार नाहीत म्हणून दोन डबे आम्ही विकत घेतले. ज्यांची शुगर जास्त निघेल त्यांची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी दापोलीच्या खासगी लॅबने सवलतीत करून द्यायचं कबूल केलं, तो मोठा खर्च. पाच हजार सोसायटीने दिले, उरलेले बोटमालकांनी. आणि दोन मोठ्या मापाचे बीपीचे पट्टे, ते मी मुद्दाम वेगळे सांगतो. दोर ओढून ओढून आमच्या माणसांचे दंड जाड झालेले असतात. नेहमीचा पट्टा अशा दंडावर आखूड पडतो आणि बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. मॅडमनी आधी सांगितलं म्हणून पट्टे आणले, नाहीतर निम्म्या बंदराला उगाच गोळ्या लागल्या असत्या.

निरोप पोचवायला बॅनरचा फारसा उपयोग झाला नाही. शुक्रवारी नमाजनंतर मशिदीतून सांगितलं गेलं, शनिवारी देवळात आरतीनंतर. बायकांनी मात्र खरं काम केलं. मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या गटात आशाताईंनी विषय काढला, आणि रविवारी सकाळी कितीतरी पुरुष असे आले की मागे बायको छत्री घेऊन उभी. “आमचा पण करा ना,” असंही त्या म्हणाल्या. त्यांच्यासाठी दर महिन्याला उपकेंद्रात सोय आहेच, तरी त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

त्या दिवशी पहाटेपासून धो धो पाऊस. आठ वाजता लाइट गेली. हॉलमध्ये दोन बॅटऱ्या टांगल्या, बीपीची हाताने चालवायची मशीन होतीच. नऊला फलाटावर माणसं जमायला लागली, पण आत कुणी येईना. मग आमच्यातले सगळ्यात जुने तांडेल, सत्तरी ओलांडलेले चाचा, सरळ आत आले, सदऱ्याची बाही वर केली आणि खुर्चीत बसले. त्यांना आदल्या दिवशी आम्ही घरी जाऊन विनंती केली होती. त्यांच्यामागे रांग लागली ती दोन वाजेपर्यंत तुटली नाही. शंभरावर पुरुष आले.

बीपी घेताना आरोग्यसेवक प्रत्येकाला आधी पाच मिनिटं बसवत होते. पाय जमिनीवर टेकलेले, पाठ मागे, हात टेबलावर, बोलायचं नाही. आणि तोंडातला तंबाखू थुंकून, चूळ भरून, अर्धा तास झालेला हवा, चहाचंही तेच. यासाठी बाहेरच एक पोरगा उभा केला होता, तो आलेल्याला वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायचा आणि त्या वेळेआधी आत सोडायचा नाही. भांडणं झाली, पण पोरगा हलला नाही. १४०/९० च्या वर आकडा आला तरी लगेच ‘बीपी आहे’ असं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून मगच. बऱ्याच जणांचा वर होता. मॅडम म्हणाल्या, आश्चर्य काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला किंवा गोळ्यांवर असलेला सापडला होता. आमच्या ताटात वर सुकट आणि खारवलेला बांगडा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा, तोही दिवसभराचा सगळा मिळून. सुकी मासळी सोडा असं मॅडमनी कुणालाच सांगितलं नाही. दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, वरून मीठ घालू नका आणि त्या दिवशी लोणचं-पापड नको, एवढंच. हे लोकांनी ऐकून घेतलं.

तोंडाची तपासणी बघून मी स्वतः हादरलो. मॅडम प्रत्येकाला तोंड उघडायला लावून स्वतःची तीन बोटं उभी धरायला सांगत. तीन बोटं मावली पाहिजेत. पंचविशीतल्या काही पोरांच्या तोंडात दोनही जाईनात. सुपारी आणि गुटख्याने आतली कातडी आखडत जाते, तिखट लागलं की आग होते, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो. आपल्या देशात पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी पोरांच्या तोंडांची ही अवस्था. याचा राग येतो, अजून येतो. ज्यांच्या तोंडात पांढरे-लाल चट्टे दिसले त्यांना दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली. सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही पैसे लागत नाहीत, आणि मोठा उपचार निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात ना, ते आधीच बघून ठेवा. आमच्याकडे दोघांचं अडलं ते आडनावाच्या स्पेलिंगपायी.

पन्नाशीवरच्यांना एक प्रश्न जास्तीचा होता: रात्री लघवीला किती वेळा उठता? धार बारीक झालीय का, जोर करावा लागतो का? हे लाजेखातर कुणी घरातही बोलत नाही. वयाबरोबर प्रोस्टेट, म्हणजे लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी, वाढते, तो बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, गोळ्यांनी फरक पडतो, हे ऐकल्यावर एका काकांनी रांगेतल्या पुढच्या तिघांना स्वतःहून सांगितलं.

आता मनाचं. या भागाबद्दल आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली होती. काहींचं म्हणणं, वेगळं टेबल लावा, वर ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी. मी ठाम नकार दिला. अशा पाटीखाली आमच्याकडचा पुरुष भर दिवसा, सगळ्यांच्या देखत बसणार नाही. आपल्या जिल्ह्यात रत्नागिरीला १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, आणि त्या नावाची धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून आम्ही ते रांगेतच घातलं: वजन, बीपी, शुगर, आणि पुढे जाळी ठेवायच्या खोलीत ‘झोप-भूक’. खोलीला दार होतं, एका वेळी एकच माणूस आत. जिल्ह्याहून आलेले समुपदेशक आणि उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी आळीपाळीने बसत होते. सगळ्यांना दोनच प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कामात-गोष्टींत मन लागत नाही असं झालं का? उदास, हताश वाटलं का? उत्तर ‘बरेच दिवस’ असं आलं तर पुढचे सात. नऊ प्रश्नांचे सगळे मिळून २७ गुण, दहा किंवा जास्त झाले की डॉक्टरांकडे.

‘उदास’ म्हटलं की कुणी हो म्हणत नव्हतं. समुपदेशकांनी ते लगेच ओळखलं आणि बोलणं बदललं. झोप कशी लागते? पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागत नाही, असं होतं का? चिडचिड वाढलीय का, पोरांवर हात उगारला जातो का? संध्याकाळची बाटली आता दुपारवर आली का? मग उत्तरं यायला लागली. बोटीचं कर्ज, घटलेली मासळी, एलईडी दिवे लावून मासे नेणाऱ्यांवरचा संताप, परताव्याचे अडकलेले पैसे. पस्तिशी उलटून लग्न न जमलेल्या पोरांचं तर एक वेगळंच दुःख, ते बापही बोलून दाखवत नाहीत.

एकजण आत गेला तो पाऊण तास बाहेर आला नाही. त्याच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असं काही लिहीत नाही. दार उघडून मी चहा द्यायला गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता, समोर फाटलेलं जाळं. समुपदेशकही त्याच्याशेजारी खालीच बसलेले. तो बोलत होता आणि हात चालू होते, सुई भोकातून जात होती, गाठ बसत होती, दात लावून दोरा तुटत होता. वर बघत नव्हता. पुढे त्यानेच मला सांगितलं की खुर्चीवर समोरासमोर बसून तो एक शब्द बोलला नसता. समुपदेशकांनी त्याला सरळ विचारलं होतं, जीव द्यावा असं मनात येतं का? लोकांना वाटतं असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो. तसं होत नाही. विचारल्यावर माणूस मोकळा होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. त्याच दिवशी त्याच्या भावाला बोलावून घेतलं, मंगळवारी दोघांना मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडायच्या नाहीत, हे भावालाही सांगून ठेवलं होतं, म्हणून पहिले कठीण दिवस निघाले. आता तो बोटीवर जातो.

२०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांवर लोकांनी आत्महत्या केल्या, त्यातले शंभरात जवळजवळ बहात्तर पुरुष. हा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा मी शिबिराच्या शेवटी वाचून दाखवला. हॉल गप्प झाला. मागच्या वर्षी गेलेल्या आमच्या तांडेलाचं नाव तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत घेतलं.

त्यानंतर १४४१६ हा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे टाकून दिला. टेलि-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा. फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. कागदावर लिहून दिलेला नंबर पावसात विरघळतो. मोबाइलमध्ये ‘टेलिमानस’ असं नाव नको म्हणणाऱ्यांनी ‘बर्फवाला २’ म्हणून टाकला, तरी चालेल.

शिबिर एक दिवसाचं, पुढचं काम महिन्यांचं. २१ ते ३१ जुलै रोज सकाळी उपकेंद्रात दुसऱ्यांदा बीपी मोजणं झालं. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रातच, महिन्याच्या गोळ्या फुकट मिळतात. पण १ ऑगस्टला बोटी सुटल्या आणि माणसं चार-चार दिवस समुद्रात. गोळ्यांचे दोन वाटे करायचं ठरलं: एक घरी, एक झाकणाच्या प्लास्टिक डबीत बोटीच्या केबिनमध्ये. नारळी पौर्णिमेपर्यंत बऱ्याच केबिनमध्ये डब्या दिसायला लागल्या. उपकेंद्राची वेळ आणि आमच्या लिलावाची वेळ मात्र जमत नव्हती. त्यासाठी पुन्हा अर्ज केला, पुन्हा पोच घेतली, आणि सप्टेंबरपासून शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत समुदाय आरोग्य अधिकारी थांबतात. गोळ्या सोडलेलेही आहेत. त्यांची यादी आशाताईंकडे आहे, आणि सोसायटीत डिझेलच्या सहीला आले की मी विचारतो.

बंदीच्या दिवसांत शिबिर घेतल्याने एक गट पूर्ण सुटला. आमच्या बोटींवरचे बरेचसे खलाशी नेपाळचे आणि कर्नाटकातले, ते जून-जुलैत आपापल्या घरी असतात. हंगामभर दहा महिने बोटीवर राहतात, घर दूर, आजारी पडले तर मालकाच्या मर्जीवर. त्यांच्यासाठी १४ डिसेंबरचा रविवार मागितला आहे. आरोग्य केंद्राची पोच मिळाली, ग्रामपंचायतीचा ठराव येत्या सभेत आहे. बीपी-शुगरला भाषेची फार अडचण नाही. मनाचे प्रश्न विचारायला दुभाषी लागेल, आणि तो बोटमालक किंवा मुकादम नको, हे अर्जात आम्ही लिहूनच दिलं आहे. कन्नड जाणणाऱ्या एक शिक्षिका दापोलीहून यायला तयार आहेत. नेपाळी आणि मराठी दोन्ही नीट बोलणारा, कुणाच्या हाताखाली नसलेला माणूस अजून शोधतोय.